टोपी म्हणजे अधिक

एक

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी यान-तिंगने बॅटरीची वायर बोर्डाला जोडली आणि त्याच्या हातात जाळ झाला.

मी शेजारच्या खोलीत होतो. आमच्या विभागातल्या सुट्या भागांची खोली मी सांभाळतो. चारशे बारा खण आहेत, आणि कुठल्या खणात काय आहे हे मला तोंडपाठ आहे, असं पोरं म्हणतात. मला तशी खात्री नसते. दर खण उघडताना वाटतं, या वेळी चुकणार. आधी फटाक्यासारखा आवाज आला, मग पोराची किंकाळी, मग तो करपट वास. आमच्या शिंचू शहरात वाऱ्याच्या दिवसांत सगळ्या खिडक्या बंद असतात, त्यामुळे वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

यान-तिंगचा उजवा तळवा भाजला होता. बोर्ड काळा पडला होता. तो बोर्ड म्हणजे एका छोट्या गाडीचा मेंदू. भूकंपात पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात शिरून आत अडकलेलं माणूस शोधायचं, अशी ती गाडी. यान-तिंग आणि पो-हान या शेवटच्या वर्षाच्या दोघांनी ती वर्षभर खपून केली होती आणि शनिवारी तिचं प्रदर्शन होतं.

विभागप्रमुख लियाव बाई धावत आल्या. त्यांनी भिंगातून बोर्ड पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तीन कपॅसिटर उलटे लावलेत," त्या म्हणाल्या. "एक नाही, तिन्ही. सकाळी हा बोर्ड चालला होता ना?"

"अकरा वाजता चालला होता, मॅडम," पो-हान म्हणाला. "गाडीने माझ्या बुटाला धडक दिली. सगळ्यांनी बघितलं."

"म्हणजे दुपारच्या झोपेत कुणीतरी काढून उलटे बसवले. ही चूक नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय."

आमच्याकडे साडेबारा ते दीड दिवे मालवले जातात. जो तो मेजावर हाताची घडी करतो, त्यावर डोकं ठेवतो आणि झोपतो. त्या तासात प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे. प्राध्यापकांच्या किल्ल्या वेगळ्या, पण झोपेच्या तासाला प्राध्यापकही झोपतातच.

"कू काका, तुमची वही आणा," बाई म्हणाल्या.

मी वही आणली. पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं. बारा चाळीसला एकीने किल्ली नेली होती, एक दहाला परत दिली होती. एकच नाव. आणि ते मीच लिहिलं होतं.

तेंग शू-वेन.

दोन

शू-वेन आधी त्या दोघांच्या गटातलीच होती. गाडीच्या बोर्डाचा मूळ आराखडा तिचा. महिन्यापूर्वी तिघांचं भांडण झालं आणि ती बाहेर पडली. आराखडा मात्र राहिला, आणि प्रदर्शनाच्या फलकावर नावं दोनच उरली. एवढं कारण लोकांना पुरे होतं. शुक्रवारी तीन वाजता समिती बसणार आणि दोष सिद्ध झाला तर तिचं नाव कॉलेजातून काढून टाकणार, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पसरलं.

मला झोप लागली नाही. माझ्या अक्षराने एक पोर बुडत होती. मी काही शोध लावणारा माणूस नाही. रहस्यकथा खूप वाचल्या आहेत, पण एकदाही शेवटच्या पानाआधी मला गुन्हेगार ओळखता आलेला नाही. तरी गुरुवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो. पोरं तिथेच होती, न्याहारीचे कांदा-पोळीचे गुंडाळे खात.

"काका, तुम्ही पण तपासाला?" पो-हान म्हणाला. "माझा जबाब लिहून घ्या. झोपेच्या तासात मी घोरत होतो. साक्षीदार बावीस."

"तेवीस," यान-तिंग म्हणाला. "खालच्या मजल्यावरही ऐकू जातं." त्याने हाताचं बँडेज सावरलं. "काका, मला शू-वेनचा राग नाही येत. येतो, पण... तिला आमचा बोर्ड बंद पाडायचा होता तर एक वायर तोडली असती तरी चाललं असतं. हे कशाला?"

"तेच ना," पो-हान म्हणाला. "आणि तिला उलटं-सुलटं कळत नाही असं थोडंच आहे? कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. एक टोक अधिक, एक उणे. उलट जोडली की फुटते. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं."

"फुटणं कळतं. खूण कळत नाही," यान-तिंग म्हणाला. "मी पहिल्या वर्षाला किती वेळा चुकलोय. गोल डब्यासारखा असतो त्याच्यावरची पट्टी म्हणजे उणे. आणि हे पिवळे टँटलमचे ठोकळे असतात, त्यांच्यावरची पट्टी म्हणजे अधिक. कुणी शहाण्याने ठरवलं असेल असं!"

"फान सरांचं विसरलास?" पो-हानने छाती पुढे काढून फान सरांचा घोगरा आवाज काढला. "'पोरांनो, पिवळ्याच्या डोक्यावर टोपी असते. टोपी म्हणजे अधिक! जो विसरेल त्याच्या भुवया जळतील!'"

दोघे हसले. फान सरांनी तीस वर्षं प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला ही टोपी शिकवली आहे. लियाव बाईसुद्धा त्यांच्याच विद्यार्थिनी.

मी जळका बोर्ड उचलला. पोरांनी तो घरीच कोरला होता, त्यावर छापील खुणा नव्हत्या. पिवळे ठोकळे फुटले होते, पण त्यांचे पाय बोर्डाला जोडणारी सोल्डरची टाकणं शाबूत होती. ती मी बराच वेळ पाहिली. काहीतरी खटकत होतं, काय ते कळेना. मग माझं लक्ष मेजाच्या कडेला गेलं. तिथे हिरवं पाकीट होतं.

यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्याजवळ खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवायचं, ही आमच्या बेटावरची रीत. इस्पितळात, बँकेत, कारखान्यात, सगळीकडे. पाकीट हिरवंच हवं, ते फोडायचं नाही, आणि मुदत संपू द्यायची नाही. हसत हसत ठेवतात, पण ठेवल्याशिवाय राहत नाहीत.

"हे कुणी आणलं?" मी विचारलं.

"यान-तिंगने," पो-हान म्हणाला.

"मी? मला वाटलं तू आणलंस," यान-तिंग म्हणाला. "बुधवारी सकाळी नाही का तू ओरडत होतास, पाकिटाची मुदत गेलीय, गाडी रुसणार म्हणून?"

"ओरडलो. आणलं कुठे? झोपेनंतर आलो तेव्हा होतंच इथे."

मी पाकीट उलटं केलं. मुदत पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत होती. जुनं पाकीट कचऱ्याच्या डब्यात, नीट घडी घालून ठेवलेलं सापडलं. म्हणजे बुधवारी दुपारी, त्याच झोपेच्या तासात, कुणीतरी बोर्डाला हात लावला होता आणि वर त्याच्यासाठी ताजं पाकीटही ठेवलं होतं.

ज्याला एखादी वस्तू जाळायची असते, तो तिच्यासाठी खाऊ आणत नाही.

तीन

शू-वेन जिन्यात बसली होती. पुढ्यात डब्यातला भात तसाच होता.

"शू-वेन, मी वहीत तुझं नाव लिहिलं," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"मग काय खोटं लिहिणार होतात, काका?" ती म्हणाली. "मी गेले होते. जाकीट आणायला म्हटलं, तेही खरं नाही. मला गाडी बघायची होती. माझी पण आहे ना ती थोडी. सगळे झोपलेले असताना बघितली तर कुणाला काय त्रास?"

"पाकीट तू ठेवलंस?"

"कसलं पाकीट?"

तिला खरंच माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग आत कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

फार पटकन म्हणाली. मी भित्रा माणूस आहे आणि भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती लगेच कळते. पण ही भीती स्वतःसाठी वाटत नव्हती.

"बाळ, उद्या तुला काढून टाकतील. तुझी आई बाजारात शेवया विकते, हात फुटेपर्यंत. तिला काय सांगशील?"

तिने चॉपस्टिक्स भातात रोवल्या. आमच्यात असं करत नाहीत, ते मेलेल्यांसाठी असतं. तिच्या लक्षात आलं, तिने त्या झटकन काढल्या आणि रडायला लागली.

"काका, विचारू नका. मी बोलले तर माझं वाचेल, पण... तुम्हीच म्हणाल, का बोललीस. आणि तसंही माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, स्वतःला वाचवायला सरां..."

ती थांबली. डबा उचलला आणि निघून गेली.

चार

खोलीत परत येऊन मी दार लावून घेतलं. बोर्ड माझ्या खिशात होता, मागितला तर पोरांनी देऊन टाकला होता. भिंग लावलं, आणि मगाशी काय खटकत होतं ते आता दिसलं.

बोर्डावरची सगळी टाकणं मळकट, खरखरीत होती. प्रयोगशाळेत गेली पंधरा वर्षं बिनशिशाचं सोल्डर वापरतात, त्याचं टाकण असंच दिसतं. पण त्या तीन ठोकळ्यांची टाकणं चकचकीत होती. ती शिशाची होती. आणि काय टाकणं होती! कडा गुळगुळीत, पोटाशी किंचित खोलगट, एक थेंब जास्त नाही. चोरून, घाईने, कापऱ्या हाताने केलेलं काम ते नव्हतं. असं टाकण आता कुणाला जमत नाही. आम्हाला जमायचं, रेडिओच्या कारखान्यात, रोज नऊशे टाकणं करून करून.

शिशाचं सोल्डर या इमारतीत दोनच माणसांकडे आहे. त्यातला एक मी.

खरं सांगतो, पहिली शंका मला माझीच आली. माझं वय त्र्याहत्तर. बुधवारी किल्ली परत घेतल्यावर मी वहीवर डोकं ठेवून झोपलो होतो. झोपेत उठून गेलो असेन का? मी खालचा खण ओढला. रीळ होतं, त्यावर बोटभर धूळ, धुळीवर एक ओरखडाही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग दुसऱ्या माणसाचा विचार आला आणि वाटलं, रीळ वापरलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं.

फान आणि मी एकाच गावचे. एकाच दिवशी कारखान्यात लागलो, एकाच बाकावर शेजारी बसलो. तो रात्रशाळेत शिकत शिकत प्राध्यापक झाला. मी पुस्तकं वाचत राहिलो आणि काहीच झालो नाही. ही नोकरी त्यानेच लावून दिली. चारचौघांत मी त्याला सर म्हणतो. माझ्या रिळातलं अर्धं सोल्डर मी त्याला कधीतरी दिलं होतं. तो ते चहाच्या डब्यात ठेवतो.

मी त्याच्या खोलीत गेलो. त्याने चहा ओतला.

"अरे छोट्या कू, ये. काय वाऱ्याने हाडं मोडलीत का?" गेल्या चाळीस वर्षांत मला कुणी छोटा म्हटलं नव्हतं.

"फान, शू-वेनचं प्रकरण ऐकलंस?"

"ऐकलं. उद्या समितीवर मी आहे. वाईट झालं. असं कोण करतं?" तो खरोखर दुःखी होता. "आपल्या वेळी एखाद्याचा बोर्ड बिघडवला असता तर मुकादमाने कान उपटला असता."

"बुधवारी दुपारी तू कुठे होतास?"

"इथेच. भोंगा झाल्यावर झोपलो असेन."

भोंगा कारखान्यात असायचा. तो कारखाना पाडून तिथे दुकानं झाली, त्याला वीस वर्षं झाली.

त्याने पुन्हा चहा ओतला. माझा पेला भरलेला होता. चहा मेजावर सांडला, तरी तो ओततच राहिला, मग थांबला आणि फडक्याने पुसायला लागला. फडक्याशेजारी चहाचा डबा उघडा होता. आत रीळ, आणि रिळाला ताजं कापलेलं चमकदार टोक. डब्याखाली दुकानाची पावती: हिरवी पाकिटं, सहा.

"प्रदर्शनाच्या आधी प्रत्येक मेजावर ताजं पाकीट ठेवतो मी, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "पोरांचं लक्ष नसतं. परवा गेलो तर एका बोर्डाचे ठोकळे उलटे. नशीब मी बघितलं, नाहीतर हात भाजला असता कुणाचा तरी. मेइ-च्यू आली होती दारात, तिला म्हटलं, बाळ, आवाज करू नकोस, सगळे झोपलेत."

मेइ-च्यू त्याची मुलगी. ती कॅनडात असते, पाच वर्षांत आलेली नाही. दारात जी उभी होती ती शू-वेन.

"कधी गेला होतास, फान?"

"कुठे?" त्याने विचारलं.

पाच

शुक्रवारी तीन वाजता समितीच्या खोलीत आठ जण होते. लियाव बाई मध्ये, त्यांच्या उजवीकडे फान. समोर शू-वेन, पाठीमागे तिची आई, कामावरून तशीच आलेली. दोघं पोरं भिंतीशी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दारातून म्हणालो, "मला थोडं बोलायचंय," आणि आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"बोला, कू काका," बाई म्हणाल्या.

मी पाकिटाचं सांगितलं. मग टाकणांचं सांगितलं, भिंग फिरवलं, सगळ्यांनी पाहिलं. म्हणालो, हे ज्याने केलं त्याला वाईट करायचं नव्हतं. त्याला वाटलं ठोकळे उलटे बसलेत, म्हणून त्याने ते सरळ केले. त्याच्या मते सरळ.

"शाब्बास!" फान म्हणाला. "ही आपली कारखान्यातली नजर. बघा, मॅडम, पोरगी सुटली की नाही? शिशाचं टाकण या पोरांना कुठलं जमतंय!"

"पण मग कुणी केलं?" लियाव बाईंनी विचारलं. "पिवळ्याची पट्टी उणे समजणारा माणूस या विभागात कोण आहे? टोपी तर सगळ्यांना..."

"हो, कोण?" फाननेही माझ्याकडे पाहिलं. तोही शोधत होता.

मला नाव घेता आलं नाही. मी शू-वेनकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून. तिची आई माझ्याकडे पाहत होती, तिला काही कळत नव्हतं, फक्त माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी वाट बघितली. वाटलं, फानला आठवेल, तो स्वतःच उठेल. खिडकीवर वारा आदळत होता. कुणी उठलं नाही.

मी खिशातून एक नवा पिवळा ठोकळा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"फान," मी म्हणालो. सर म्हणायचं राहून गेलं. "हा बोर्डावर लाव बघू. याची उणी बाजू कुठली?"

तो हसला. "परीक्षा घेतोस का माझी? पहिल्या दिवशी मुकादमाने काय सांगितलं होतं आपल्याला?" त्याने बोट पट्टीवर ठेवलं. "पट्टी म्हणजे उणे."

आमच्या कारखान्यात सगळे गोल डबेच असायचे. त्या खोलीतल्या पाच जणांना त्यानेच टोपी शिकवली होती. लियाव बाईंनी चष्मा काढला आणि मेजाकडे पाहत राहिल्या. पो-हान, जो वर्गात कधी गप्प बसला नाही, तो हळूच म्हणाला, "सर... टोपी."

फानने एकेकाचा चेहरा पाहिला. मग ठोकळ्याकडे पाहिलं. त्याचं बोट अजून पट्टीवर होतं.

"मी काही चुकीचं बोललो का?" त्याने मला विचारलं.

सहा

शू-वेनवरचा आरोप पाच मिनिटांत मागे घेतला. यान-तिंगने तिच्याजवळ जाऊन काहीतरी म्हटलं, ती नाही म्हणाली, मग हो म्हणाली. गाडी शनिवारी धावणार नव्हती, पण फलकावर तिसरं नाव लिहायचं ठरलं. तिची आई माझ्यापुढे तीन वेळा वाकली. मला कुठे लपावं कळेना. शू-वेनने माझ्याकडे पाहिलं नाही.

फानने सोमवारपासून यायची गरज नाही, असं लियाव बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. ते त्याला कसं सांगायचं, हे त्यांनी मलाच विचारलं.

आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत गेलो. वारा इतका होता की त्याची टोपी उडू नये म्हणून मी ती हातात घेतली होती.

"त्या पोरीचं काय झालं रे शेवटी?" त्याने विचारलं. "सुटली ना?"

"सुटली."

"बरं झालं. चांगली पोर आहे, हाताने नेटकी." थोडं चालल्यावर तो थांबला. "आणि ते केलं कुणी होतं?"



"एका म्हाताऱ्याने," मी म्हणालो. "पोरांचं भलं करायला गेला आणि चुकला."

"हं." त्याने मान हलवली. "मग फार बोलू नका त्याला. म्हातारं माणूस आहे."

फाटकाबाहेरच्या दुकानापाशी तो माझा हात सोडून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत हिरवी पाकिटं होती.

"उद्या प्रदर्शन आहे," तो म्हणाला. "पोरांच्या लक्षात राहत नाही."

मी त्यातली अर्धी घेतली, आणि आम्ही परत फिरलो.